माणदेशात पाणी मागताना

सायकलवरून लांब निघायचं म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला, ‘आज किती किलोमीटर?’ मीसुद्धा तोच विचारायचे. माणदेशातल्या एका दिवसानंतर माझा प्रश्न बदलला. आता मी आधी विचारते, ‘पुढचं पाणी कुठे?’

मी आणि माझी कॉलेजमधली मैत्रीण मार्चच्या मध्यात पनवेलहून निघालो. एक्स्प्रेस वे सुरू होतो आमच्याच कळंबोलीत, पण सायकलला तिथे बंदी. म्हणून जुन्या हायवेने चौक, खोपोली करत बोरघाट चढलो आणि पुणे गाठलं. दुसऱ्या दिवशी सासवड, जेजुरी, लोणंद आणि मुक्कामाला फलटण. तिसऱ्या दिवशी फलटण ते पंढरपूर, सुमारे सव्वाशे किलोमीटर. मध्ये माण तालुका.

शाळेत ‘पर्जन्यछायेचा प्रदेश’ पाठ केला होता, तो या तीन दिवसांत पायांना कळला. पनवेलला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. अरबी समुद्रावरून आलेले ढग सह्याद्रीला अडतात, पश्चिमेकडेच बरसतात आणि माणपर्यंत पोचतात तेव्हा त्यांच्यात फारसं काही उरत नाही. तिथे वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास, तोही बेभरवशाचा. महाबळेश्वर आणि माण दोन्ही एकाच सातारा जिल्ह्यात, यावर विश्वास बसत नाही.

पहाटे निघालो, मोगराळे घाट गारव्यात चढलो. वर आल्यावर मोकळं माळरान. वेडी बाभूळ, काढून झालेली ज्वारी, कडब्याच्या गंजी, मध्येच डाळिंबाची हिरवी बाग. दहिवडीला मिसळ, गोंदवल्याला महाराजांचं दर्शन. अकरा वाजेपर्यंत सगळं मस्त चाललं होतं.

म्हसवडला आम्ही चूक केली. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन, हा हिशोब करून दोघींनी एकेकच बाटली भरली. ‘पुढे हॉटेल असेलच की!’ पुढे हॉटेल होतं, पण बंद. भर उन्हात सायकल चालवताना तासाला लिटरभर घाम सहज जातो, हे वाचलेलं होतं. दुपारी एक वाजता बाटल्या रिकाम्या झाल्या, मैत्रिणीचं डोकं गरगरायला लागलं, तेव्हा ते समजलं. रस्त्यावर सावली नाही, मोबाइलला रेंज नाही. पलीकडे एक वस्ती दिसली, तिकडे सायकली ढकलत नेल्या.

दारात एक आजी बसल्या होत्या.

‘‘कुठनं आलासा गं पोरींनो?’’

‘‘पनवेलहून.’’

‘‘सायकलीवर? एष्टी बंद हाय व्हय?’’

आजींनी पिंपातून तांब्या भरून आणला. आम्ही प्यायलो, बाटल्या भरल्या. तांब्यात थोडं उरलं होतं, ते मी सवयीने डोक्यावर ओतलं. काय बरं वाटलं! पाणी मातीत जिरलं, तिथे शेळी येऊन ओल चाटायला लागली. आजी काही बोलल्या नाहीत. मैत्रीण तोंड धुवायला उठली तेव्हा मात्र त्यांनी तिच्यासमोर घमेलं सरकवलं. ‘‘ह्यात धू. शेरडाला हुतंय.’’ मग सहज बोलल्यासारखं सांगितलं, ‘‘टँकर आता परवाच्याला.’’

मला कुठे बघावं कळेना. रागावल्या असत्या तर परवडलं असतं. लोणावळ्याहून घेतलेली चिक्की दिली, ती त्यांनी नातवासाठी ठेवली. तासभर सावलीत बसवल्याशिवाय आम्हाला सोडलं नाही.

पुण्याच्या वेदांगी कुलकर्णीने २०१८ मध्ये, वयाच्या विसाव्या वर्षी, १५९ दिवसांत सुमारे २९ हजार किलोमीटर सायकल चालवून जगप्रदक्षिणा केली. तिची सुरुवात ऑस्ट्रेलियातल्या पर्थची. तिथून पूर्वेकडे गेलं की नलारबॉरचं मैदान लागतं. या नावाचा अर्थच ‘झाड नाही’. तिथे रस्त्याचा एक तुकडा जवळजवळ १४७ किलोमीटर वळणाशिवाय सरळ जातो. तिथे पाण्याचं नियोजन चुकलं तर दार वाजवायला घरच नाही. माणदेशात घर आहे, दार उघडतंही. पण म्हणून आपली तहान त्यांच्या पिंपावर सोपवायची का, हा प्रश्न मला अजून टोचतो.

तिकडे जाणार असाल तर जरूर जा, रस्ते आणि माणसं दोन्ही छान आहेत. फक्त प्रत्येकी चार लिटर पाणी ठेवा आणि दहिवडी, गोंदवले, म्हसवड अशा मोठ्या गावांतच ते भरून घ्या. नुसतं पाणी पिऊ नका, ओआरएसची पाकिटं जवळ असू द्या. बारा ते तीन सायकल सावलीत लावा. आणि वस्तीवर मागावंच लागलं, तर पिण्यापुरतंच मागा.

पिलीव मागे टाकून अंधार पडता पडता पंढरपूरला पोचलो. लॉजच्या बाथरूममध्ये नळ सोडला तर धो धो पाणी. मी पटकन बंद केला. आधी बादली खाली सरकवली.