पादचाऱ्याची वाट आणि दिल्लीचें धोरण

एखाद्या शहराची प्रगति मोजावयाची झाली म्हणजे लोक तेथील इमारती, दुकानें आणि मोटारी मोजूं लागतात. आमची कसोटी याहून साधी आहे. त्या गांवांतील सत्तरी उलटलेली आजी आणि सात वर्षांचा नातू हीं दोघें, घरांतील कर्त्या माणसास कामावरून न उठवितां, पायीं देवळापर्यंत, वाचनालयापर्यंत किंवा शाळेपर्यंत जाऊन सुखरूप परत येऊं शकतात कीं नाहीं? ज्या गांवीं हें घडतें तें गांव, मग तेथील रस्ते कितीहि अरुंद असोत, राहण्यास योग्य समजावें. ज्या गांवीं हें घडत नाहीं तेथें घरांतील वृद्ध आणि बालकें हीं एका परीनें कैदेंतच असतात. आणि एकत्र कुटुंबांत अशांची संख्या थोडी नसते.

ही कसोटी जळगांवच्या मेहरूणास लावून पाहूं. मेहरूण हें मूळचें स्वतंत्र खेडें. तेथील तलावाची आणि बोरांची ख्याति खानदेशाबाहेरहि पोंचलेली आहे. जळगांव वाढत गेलें आणि खेडें शहराच्या पोटांत आलें. आजहि सकाळ-संध्याकाळीं तलावाच्या कांठीं फिरावयास येणारांची गर्दी असते, आणि अनंत चतुर्दशीस सारें शहर गणपति विसर्जनासाठीं तिकडे लोटतें. म्हणजे चालण्याची आवड या गांवास नाहीं असें कोणी म्हणूं नये. परंतु फिरावयास जाणें निराळें आणि कामास पायीं जाणें निराळें. बाजारपेठा, रेल्वे स्टेशन आणि जुनें गांव उत्तरेस. मेहरूण आणि त्याच्या आसपासच्या नव्या वसाहती दक्षिणेस. आणि या दोहोंच्या मधून जातो तो हजीरा-कोलकाता राष्ट्रीय महामार्ग. पूर्वीं यास क्रमांक ६ म्हणत. २०१० च्या नव्या क्रमवारीनें तो ५३ झाला. क्रमांक बदलला, पण तो ओलांडणाराच्या छातींतील धडधड कांहीं बदलली नाहीं. इच्छादेवी चौक, अजिंठा चौफुली, आकाशवाणी चौक हीं नांवें जळगांवकरांच्या तोंडीं जशीं पत्ता सांगतांना येतात, तशींच अपघाताची वार्ता सांगतांनाहि येतात.

आतां सामान्य गृहस्थ विचारतो कीं, नगरपालिका काय करते? प्रश्न स्वाभाविक आहे, पण तो अर्ध्याच दारावर ठोठावला जातो. रस्ता कोणाचा, हें आधीं पाहिलें पाहिजे. आपल्या राज्यघटनेच्या सातव्या परिशिष्टांत राष्ट्रीय महामार्ग हे संघसूचींत घातले आहेत. इतर रस्ते राज्यांच्या सूचींत आहेत. आणि १९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या दुरुस्तीनें जें बारावें परिशिष्ट जोडलें गेलें, त्यांत नगररचना आणि रस्ते-पूल हीं कामें नगरपालिकांकडे सोंपविण्याजोगीं म्हणून नमूद आहेत. याचा अर्थ असा कीं, मेहरूणहून स्टेशनाकडे निघालेला मनुष्य आपल्या गल्लींत महापालिकेचा, मोठ्या रस्त्यावर कदाचित् राज्याचा, आणि महामार्ग ओलांडतांना पंधरा-वीस पावलें केंद्र सरकारचा पाहुणा असतो. तीन यजमानांच्या घरीं जेवावयास बोलाविलेला पाहुणा जसा उपाशी परततो, तशी कांहींशी त्याची अवस्था होते.

या व्यवस्थेचा उगम जुना आहे. १९४३ सालीं नागपुरास प्रांतोप्रांतींचे मुख्य इंजिनियर जमले आणि त्यांनीं देशांतील रस्त्यांचे राष्ट्रीय, प्रांतिक, जिल्ह्याचे व खेड्याचे असे वर्ग पाडले. पुढें १९५६ सालीं राष्ट्रीय महामार्गांचा कायदा झाला आणि हे मार्ग केंद्राच्या मालकीचे ठरले. लांबच्या प्रांतांस जोडणें, माल वेगानें पोंचविणें, हा त्यांतील हेतु. आणि तो योग्यच होता. त्या काळीं महामार्ग गांवाच्या कडेनें जात असे. पण मार्ग आला म्हणजे त्याच्या पलीकडे भूखंड पडतात, भूखंडांवर घरें होतात, आणि पंचवीस-तीस वर्षांत गांवाची कड हीच गांवाचा मध्य होऊन बसते. रस्त्याचा कायदा मात्र तोच राहतो. वेग हा ज्याचा धर्म, असा मार्ग वस्तींतून वाहूं लागला म्हणजे काय होतें, हें सांगण्यास ज्योतिषी नको.

दुसऱ्या देशांचा अनुभव पाहिला तरी हेंच आढळतें. योगायोग असा कीं, अमेरिकेंतहि १९५६ सालींच महामार्गांचा मोठा कायदा झाला. नव्या आंतरराज्य मार्गांच्या खर्चापैकीं शेंकडा नव्वद हिस्सा तेथील संघ सरकार देऊं लागलें. शंभरांत नव्वद रुपये जो देईल त्याचें म्हणणें कोण मोडणार? शहरोशहरीं जुन्या वस्त्या चिरून रस्ते गेले आणि लोक मोटारीवांचून पांगळे झाले. पुढें १९९१ च्या कायद्यानें त्याच संघनिधीचें दार पायवाटा व सायकलींच्या वाटा यांसाठीं उघडलें. कायदे करणें राज्यांच्या वा नगरांच्या हातीं असलें तरी पैशाची थैली ज्याच्या हातीं, त्याचें वळण सर्वांस लागतें, हा त्यांतील धडा.

आमच्याकडेहि पादचाऱ्याचा विचार कोणीं केलाच नाहीं असें मात्र नव्हे. कौटिल्यानें अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणांत नगररचना सांगतांना रथांची वाट पांच अरत्नि, गुरांची चार आणि लहान पशु व मनुष्यें यांची दोन अरत्नि रुंद असावी असें सांगितलें आहे. आणि तिसऱ्या अधिकरणांत ही माणसांची वाट अडविणारास बारा पण दंड ठेविला आहे. अरत्नि म्हणजे सुमारें दीड फूट. तेव्हां तीन फुटांची का होईना, पण माणसाची अशी निराळी वाट त्याच्या हिशेबांत होती. इंडियन रोड्स काँग्रेसनें २०१२ सालीं सुधारलेल्या नियमावलींत वस्तीच्या भागांतील पदपथाची मोकळी रुंदी किमान १.८ मीटर, म्हणजे सुमारें सहा फूट, सांगितली आहे. रुंदी कौटिल्याच्या दुप्पट झाली. दंड वसूल करणारा अधिकारी मात्र कोठें भेटत नाहीं.

गेल्या वीस वर्षांत दिल्लीहून निघालेलीं धोरणें वाचलीं तर त्यांतील शब्दांस नांवें ठेवण्यास जागा नाहीं. २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाचें मुख्य सूत्रच असें कीं, वाहनें हालविणें हें ध्येय नसून माणसें हालविणें हें ध्येय असावें. २००८ च्या हवामानविषयक राष्ट्रीय कृति-आराखड्यांत आठ अभियानें आहेत; त्यांतील शाश्वत वसतीच्या अभियानांत लोकांना सार्वजनिक वाहनांकडे वळविण्याचा संकल्प आहे. २०१५ सालीं निघालेल्या ‘अमृत’ योजनेंतील पांचशें शहरांत जळगांव व धुळें दोन्हीं होतीं, आणि तिच्या विषयांत पदपथहि होते. पण त्या योजनेंत पहिला मान पाण्याचा व सांडपाण्याचा होता. जळगांवीं नळ व गटारें यांसाठीं रस्ते खणले गेले. हीं कामें आवश्यकच होतीं; परंतु पंक्तींत शेवटीं बसलेल्या पदपथाच्या पानावर काय पडलें असेल, याची कल्पना वाचकांनींच करावी.

पैशाचा ओघहि पाहावा. पेट्रोल व डिझेल यांवरील उपकरांतून रस्त्यांसाठीं निधि उभारण्याचा कायदा २००० सालीं झाला. जो पेट्रोल जाळतो त्याच्या खर्चांतून रस्ता वाढतो. जो पायीं चालतो त्याच्या नांवें कांहींच जमा होत नाहीं, म्हणून त्याच्या नांवें कांहीं खर्चहि पडत नाहीं. वास्तविक त्याची संख्या थोडी नाहीं. २०११ च्या खानेसुमारींत शेती व घरगुती उद्योग वगळून इतर काम करणारांस, तुम्ही कामास कसे जातां, असें विचारलें होतें. त्यांत शेंकडा बावीसांहून अधिक लोक पायीं आणि सुमारें तेरा सायकलीनें जाणारे निघाले.

आणि त्यांची किंमत कोणत्या नाण्यांत मोजली जाते, हेंहि सांगितलें पाहिजे. २०२२ सालीं देशांत रस्त्यावरील अपघातांत १,६८,४९१ माणसें मेलीं. त्यांपैकीं ३२,८२५ पायीं चालणारीं होतीं. राष्ट्रीय महामार्गांची लांबी सर्व रस्त्यांच्या शेंकडा दोनच्या आसपास. पण मृत्यूंपैकीं शेंकडा छत्तीस या मार्गांवर झाले. एका माणसाच्या जाण्यानें काय हरपतें, हें खानदेशानें पूर्वींच पाहिलें आहे. ५ मे १९१८ रोजीं जळगांवजवळच्या भादली स्टेशनापाशीं रूळ ओलांडतांना बालकवि ठोमरे आगगाडीखालीं सांपडले. तेव्हां त्यांस अठ्ठाविसावें वर्ष चालू होतें. ते कवि होते म्हणून आपण ती तारीख लक्षांत ठेवितों. उरलेल्यांच्या तारखा त्यांच्या घरच्यांसच ठाऊक असतात.

कायद्यानें आतां कांहीं दारें उघडलीं आहेत. २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्तीनें, रस्ता ठरलेल्या मानाप्रमाणें न बांधल्यामुळें मृत्यु वा अपंगत्व आलें तर बांधणारास व अधिकाऱ्यासहि एक लक्ष रुपयांपर्यंत दंड सांगितला, आणि पादचाऱ्यांविषयीं नियम करण्याचा अधिकार राज्यांस दिला. कोइमतूरच्या एका अस्थिवैद्यांनीं, डॉ. राजसीकरन् यांनीं, २०१२ सालीं केलेल्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयानें १४ मे २०२५ रोजीं असें सांगितलें कीं, पदपथाचा हक्क हा घटनेच्या एकविसाव्या कलमांतील जीविताच्या हक्काचाच भाग आहे; आणि ऑक्टोबर २०२५ मध्यें राज्यांनीं असे नियम सहा महिन्यांच्या आंत करावे असा आदेश दिला.

कोणी म्हणेल, याचा हवामानाशीं काय संबंध? संबंध अगदीं घरगुती आहे. शाळा दीड किलोमीटरवर असून रस्ता ओलांडण्याच्या भयानें वडील मुलास स्कूटरवरून पोंचवितात व आणितात, असें समजा. जाऊन-येऊन दोन वेळां मिळून रोज सहा किलोमीटर. शाळेचे दोनशें दिवस धरले तर बाराशें किलोमीटर. लिटरला पंचेचाळीस किलोमीटर गाडी चालली तर सुमारें सत्तावीस लिटर पेट्रोल. आणि एका लिटरामागें सुमारें २.३ किलो या हिशेबानें साठ किलोंच्या वर कार्बन वायु, एका घरांतून, एका मुलापायीं. भारतानें २००५ च्या मानानें उत्पन्नाच्या प्रत्येक रुपयामागील असा वायु २०३० पर्यंत शेंकडा पंचेचाळीसांनीं कमी करण्याचें, आणि २०७० पर्यंत त्याची बेरीज-वजाबाकी शून्यावर आणण्याचें वचन जगास दिलें आहे. तें वचन दिल्लींत लिहिलें गेलें तरी तें पाळलें जाणार कीं मोडणार, हें अशा दीड-दीड किलोमीटरांवर ठरावयाचें आहे. शिवाय २०१९ सालीं केंद्रानें शुद्ध हवेचा जो राष्ट्रीय कार्यक्रम काढला, त्यांतील हवा बिघडलेल्या शहरांच्या यादींत जळगांवचें नांव आहे. ज्या गांवीं वैशाखांत पारा पंचेचाळीस अंशांपलीकडे जातो, तेथें रस्ता रुंद करतांना तोडलेला प्रत्येक कडुनिंब हा चालणाराच्या डोक्यावरून काढून घेतलेला छत्रच होय. सावलीवांचून खानदेशांत पदपथ म्हणजे तापलेला तवा.

रस्त्याची आंखणी एकदां झाली म्हणजे तिचें फळ पिढ्यान् पिढ्या भोगावें लागतें, हें आमच्या शेजारच्या धुळ्यावरून दिसतें. १८१९ सालीं कॅप्टन जॉन ब्रिग्ज यानें तेथें जिल्ह्याचें ठाणें नेलें आणि सरळ, काटकोनांत मिळणाऱ्या गल्ल्यांची पेठ वसविली. दोन शतकें लोटलीं तरी क्रमांकांनीं ओळखल्या जाणाऱ्या त्या गल्ल्यांतून मनुष्य पायीं सुखानें हिंडतो. आंखणारा परका होता. पण त्यानें आंखतांना चालणारा मनुष्य डोळ्यांपुढें ठेविला होता, कारण तेव्हां दुसरा कोणी नव्हताच.

तशी संधि आतां जळगांवपुढें आली आहे. समांतर रस्त्यांसाठीं नागरिकांनीं कृतिसमिति स्थापून वर्षानुवर्षें झगडा केला. त्यानंतर शहरांतील महामार्गाचें रुंदीकरण आणि कांहीं चौकांत भुयारी मार्ग झाले. महामार्गाच्या चौपदरीकरणांत पाळधीपासून तरसोदपर्यंत शहरास वळसा घालणारा मार्गहि आंखला आहे. असा वळणमार्ग चालू झाला म्हणजे गांवांतील जुना तुकडा एकवार सुधारून राज्याच्या स्वाधीन करण्याची केंद्राची रीत आहे. तो तुकडा पुन्हां केवळ वेगाचाच रस्ता राहणार, कीं दोन्हीं अंगांस सहा फुटांचा सलग पदपथ, सायकलीची वाट, झाडांची रांग आणि प्रत्येक चौकीं ओलांडण्याची सोय असलेला नगराचा रस्ता होणार, हें हस्तांतराच्या कागदावर शाई वाळण्यापूर्वीं ठरेल. तीन लक्षांवरील वस्तीच्या शहरांसाठीं केंद्रानें २०२३ सालीं विजेच्या बसगाड्यांची योजना जाहीर केली. २०११ मध्यें जळगांवची वस्ती ४ लक्ष ६० हजार होती, तेव्हां तें त्या मर्यादेंत बसतें. पण बस थांब्यापर्यंत पायींच जावें लागतें, हें विसरून चालणार नाहीं.

सुशिक्षित कुटुंबांस आमचें सांगणें तीन गोष्टींचें. मत मागावयास येणारास, मग तो महापालिकेचा असो वा लोकसभेचा, त्या जुन्या तुकड्याविषयीं एकच प्रश्न सर्वांनीं विचारावा, आणि उत्तर लेखी मागावें. आपल्या वसाहतींतील शाळेच्या व मंदिराच्या वाटेवर कोठें पदपथ तुटला आहे, कोठें सावली नाहीं, याची टिपणी घरांतील मुलांकडून करवून ती आयुक्तांकडे धाडावी. मुलांस तो नागरिकशास्त्राचा उत्तम पाठ होईल. आणि तिसरी गोष्ट कांहींशी कटु आहे. आपल्या फाटकापुढील पदपथावर आपणच घातलेला उतार, कुंड्यांची रांग आणि उभी केलेली मोटार आपणच काढावी. दिल्लीच्या धोरणांत सहा फूट मागणाऱ्या गृहस्थानें आपल्या दारांतील तीन फूट आधीं मोकळे केलेले असावे. मग त्याच्या मागणीस कोणीहि हंसणार नाहीं.