मेंदूची इच्छा, यंत्राची साथ

पक्षाघातानंतर लुळ्या पडलेल्या हाताचे स्नायू बहुधा शाबूत असतात; बिघडलेला असतो तो मेंदूतून मज्जारज्जूकडे आज्ञा नेणारा मार्ग, आणि म्हणूनच बोटे उघडण्याची इच्छा उमटूनही मूठ मिटलेलीच राहते. या इच्छेची खूण मात्र डोक्याच्या त्वचेवरूनही टिपता येते. माणूस स्वस्थ असताना हालचालींचे नियंत्रण करणाऱ्या मेंदूच्या पट्ट्यावर सेकंदाला सुमारे ८ ते १३ आवर्तनांची एक विद्युत्-लय चालू असते. हात हलवायचे ठरवताच, किंवा तो हलतो आहे अशी नुसती कल्पना करताच, ही लय क्षीण होते. ‘ब्रेन-कॉम्प्युटर इंटरफेस’, म्हणजे मेंदू व संगणक यांना थेट जोडणारी यंत्रणा, ईईजीच्या, म्हणजे मेंदूतील विद्युत्-लहरी टिपणाऱ्या, टोपीतून हा बदल ओळखते आणि तत्क्षणी हातावर बसवलेल्या यंत्राकडून बोटे उघडवते, अथवा सौम्य विद्युत्-प्रवाहाने स्नायूंचे आकुंचन घडवते.

या उपचाराचे मर्म ‘तत्क्षणी’ या अटीत आहे. दुसऱ्याने हात हलवून दिल्यास सांधे आखडत नाहीत, आणि तेही मोलाचेच. पण इच्छा आणि हालचालीची जाणीव एकाच वेळी मेंदूत पोहोचली, तरच त्यांच्यामधील चेतापेशींच्या जोडण्या बळकट होण्याची शक्यता वाढते, हे डोनाल्ड हेब यांनी १९४९ साली मांडलेल्या तत्त्वाशी जुळते. जर्मनीतील ट्युबिंगेन येथे अँडर रामोस-मुर्गियाल्दाय, निल्स बीरबाउमर आणि सहकाऱ्यांनी केलेल्या व २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नेमकी हीच कसोटी लावली गेली: जुना पक्षाघात असलेल्या ३२ रुग्णांच्या दोन्ही गटांत यंत्र हात हलवत होते आणि फिजिओथेरपीही दोघांना मिळत होती, मात्र एका गटात ती हालचाल मेंदूच्या संकेताला बांधलेली होती, तर दुसऱ्यात संकेताशी तिचा संबंध नव्हता. हाताच्या हालचालींच्या चाचणीतील गुणांमध्ये लक्षणीय सुधारणा पहिल्याच गटात आढळली. विद्युत्-प्रवाहाचा अवलंब करणाऱ्या लोझान येथील संशोधकांनी २०१८ साली २७ रुग्णांवरील अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा मिळालेली सुधारणा सहा ते बारा महिन्यांनंतरही टिकलेली दिसली.

ही सुधारणा माफक असते आणि अभ्यासांतील रुग्णसंख्याही लहान आहे. तरीही काही महिन्यांनंतर पुढे आशा नाही असे ज्यांना सांगितले जाते, त्यांच्यासाठी तिचे मोल कमी लेखणे अन्यायाचे ठरेल. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२१ साली ‘इप्सीहँड’ या उपकरणाला परवानगी दिली, तीही पक्षाघाताला किमान सहा महिने उलटलेल्या प्रौढ रुग्णांसाठी. हे उपकरण इजा न झालेल्या, म्हणजे बाधित हाताच्याच बाजूच्या, मेंदूच्या अर्ध्या भागातील संकेत वाचते.