कागदी अग्निबाणाची विद्या

४ ऑक्टोबर १९५७ रोजी रशियाचा स्पुटनिक आकाशात गेला, तेव्हा अमेरिकेतील शाळकरी मुलांना अग्निबाणाचे असे वेड लागले की, लोखंडी नळीत आगकाड्यांचा गुल किंवा जस्त आणि गंधक यांची पूड ठासून ती उडवण्याच्या नादात कित्येकांना गंभीर इजा झाल्या. या अनर्थावरचा तोडगा मात्र नेब्रास्का प्रांतातील नॉरफोक गावच्या ऑर्व्हिल कार्लाइल नामक पादत्राणांच्या दुकानदाराने १९५४ सालीच काढून ठेवला होता. शोभेच्या दारूचे ज्ञान असलेल्या या गृहस्थाने, विमानांच्या प्रतिकृती करणाऱ्या आपल्या भावासाठी, कागदी नळीचा, छत्रीवर अलगद उतरणारा आणि इंधनाचे नळकांडे तेवढे दरखेपेस बदलावे लागेल असा अग्निबाण सिद्ध केला, पुढे जी. हॅरी स्टाइन यांच्या पुढाकाराने आणि व्हर्न एस्टीस यांच्या यंत्रामुळे ही नळकांडी कारखान्यातून तयार मिळू लागली. दारूचे काम माहीतगाराकडे सोपवावे आणि हौशी माणसाच्या हाती कागद, लाकूड व सरस एवढेच ठेवावे, ही जी वाटणी झाली, तिच्यातच या छंदाचे सारे शहाणपण आहे, असे माझे ठाम मत आहे. आपल्याकडेही दारू तयार करण्यावर १८८४च्या स्फोटक कायद्याचा अंमल आहे, हे पालकांनी ध्यानी ठेवावे.

घरी उरणारे काम म्हणजे तोल साधण्याचे. बाल्साच्या पातळ फळीतून पंख कापताना लाकडाचे तंतू पंखाच्या पुढल्या कडेला समांतर ठेवावेत, नाहीतर जमिनीवर आपटताच पंख तडकतो. अग्निबाणाचा गुरुत्वमध्य हा वाऱ्याचा दाब जिथे एकवटतो त्या बिंदूच्या पुढे, निदान नळीच्या व्यासाइतका, असला पाहिजे. याची परीक्षा सोपी आहे: छत्री व नळकांडे भरून तयार केलेला अग्निबाण गुरुत्वमध्यापाशी दोरीने बांधून डोक्याभोवती फिरवावा, नाक पुढे ठेवून तो फिरला तर ठीक, गटांगळ्या खाऊ लागला तर नाकात वजन घालावे किंवा पंख मोठे करावेत.

नळकांड्यावर ‘सी ६-५’ असे काही छापलेले असते. अक्षर एकंदर आवेगाचे, आणि पुढच्या प्रत्येक अक्षरागणिक त्याची मर्यादा दुप्पट. पहिला आकडा सरासरी रेट्याचा, न्यूटनमध्ये. शेवटचा आकडा इंधन संपल्यापासून छत्री बाहेर फेकली जाईपर्यंतच्या सेकंदांचा. हा विलंब अपुरा पडला तर अग्निबाण भरवेगात असतानाच छत्री उघडते आणि फाटते; अधिक झाला तर नाक खाली करून कोसळणाऱ्या अग्निबाणावर ती उघडते. छत्रीखाली न पेटणाऱ्या कागदाचा बोळा घालण्यास विसरू नये.

उड्डाण मोकळ्या मैदानात, उभ्या सळईवरून, आणि वात न लावता विजेच्या तारेने निदान पाच मीटर दुरून करावे. प्रारंभी ‘ए’ वर्गाचे नळकांडे पुरे; ‘सी’ वर्गाचे नळकांडे हलका अग्निबाण इतक्या उंच नेते की, थोड्याशा वाऱ्यानेही छत्री मैदानाची हद्द ओलांडून जाते.