सिरियल पोर्ट : यंत्राशी बोलण्याची खिडकी

वसई पूर्वेकडील वालीव, सातिवली, गोखिवरे या औद्योगिक पट्ट्यांत आपल्या शाळेच्या मुलांना पुढे काम मिळेल. अशा ठिकाणच्या पुष्कळ इलेक्ट्रॉनिक वजनकाट्यांना व मापनयंत्रांना सिरियल पोर्ट असतो. त्यातून माहिती एकामागून एक बिटने वाहते. ९६०० बॉड वेगाला एका अक्षरासाठी आरंभ व अंत धरून दहा बिट लागतात. म्हणजे सेकंदाला जास्तीत जास्त ९६० अक्षरे. दोन्ही टोकांचा वेग जुळला नाही, तर निरर्थक चिन्हे उमटतात.

हे हार्डवेअर प्रत्यक्ष हाताळते ते संगणकाचे कर्नल. वसतिगृहात कोठीची किल्ली कोठीप्रमुखाकडे असते आणि आपण खिडकीतून शिधा मागतो, तसेच सामान्य प्रोग्रामचे आहे. लिनक्समध्ये ही खिडकी म्हणजे एक फाइल होय. प्रोग्रामने ती उघडावी, वेग ठरवावा, आज्ञा लिहावी आणि उत्तर वाचावे. त्यासाठी कर्नलमध्ये फेरफार करावा लागत नाही. उबुंटूसारख्या प्रणालीत 'डायलआउट' या गटात विद्यार्थ्याचे नाव एकदा नोंदवले की पुरते. संगणकाचे सर्वाधिकार त्याच्या हाती देण्याची गरज उरत नाही.

पवईच्या आयआयटीत रसायन अभियांत्रिकीचे प्रा. कण्णन मौदगल्य यांच्या मार्गदर्शनाखाली याच तत्त्वावर एक छोटे प्रयोगयंत्र घडले. त्यात एक हीटर, एक पंखा आणि तापमान मोजणारा संवेदक आहे. सायलॅब या मुक्त प्रणालीतील प्रोग्राम सिरियल पोर्टवर २५४ हा अंक व पाठोपाठ ४० पाठवतो, तेव्हा हीटर चाळीस टक्क्यांवर येतो. २५३ पंख्यासाठी आहे आणि २५५ पाठवताच यंत्र तापमान कळवते. पुढे ही यंत्रे इंटरनेटद्वारे दूरच्या विद्यार्थ्यांनाही वापरता येऊ लागली.

संगणक वापरणे आपली मुले शिकतातच. संगणकाकडून यंत्र चालवून घेणेही त्यांना यावे, असे आम्हांस मनःपूर्वक वाटते. त्यासाठी भव्य प्रयोगशाळेची अट नाही. लिनक्स चालेल असा एखादा जुना संगणक, आर्डुइनोसारखा छोटा बोर्ड आणि यूएसबी केबल एवढ्यावर आरंभ होतो. माजी विद्यार्थ्यांच्या घरी असा संगणक धूळ खात पडला असेल, तर तो शाळेकडे यावा. सोबत त्यांनी एखादा रविवारही द्यावा. कारण यंत्राचे पहिले उत्तर पडद्यावर उमटते, तेव्हा शेजारी जाणते माणूस असणे मोलाचे ठरते.