काष्ठकोरण यंत्र, घरगुती : फळीचे मापन व त्यातील दोष

संगणकावर तयार केलेल्या आराखड्याप्रमाणे लाकडाच्या फळीवर उठावाची अथवा खोदीव नक्षी आपोआप कोरणारे, लहान कार्यशाळेतील टेबलावर मावेल एवढे यंत्र. अशा यंत्रांच्या एका महत्त्वाच्या प्रकारात फळी यंत्रात घातल्यावर तिची लांबी व रुंदी यंत्र स्वतःच मोजते आणि त्या मापांच्या आधारे नक्षीचे स्थान ठरविते. हे मापन चुकले, तर पुढील सर्व काम अचूक होऊनही चुकीच्या जागी होते. कित्येक तासांचे कोरीव काम व किमती लाकूड वाया जाण्याचे हे एक नेहमीचे कारण आहे. प्रस्तुत नोंदीत मापन कसे होते, ते का चुकते आणि दोषाचे स्थान कसे शोधावे, यांचा मुख्यतः विचार केला आहे.

मूळ नमुन्यावरून चाक फिरवून त्याची प्रतिकृती लाकडात उतरविण्याची कल्पना जुनी आहे. अमेरिकेतील टॉमस ब्लँचर्ड यांनी १८१९ च्या सुमारास बंदुकांचे लाकडी दस्ते कातण्यासाठी असे प्रतिकृती यंत्र बनविले, तर जेम्स वॉट हे आयुष्याच्या अखेरच्या काळात (मृत्यू १८१९) पुतळ्यांच्या प्रती कोरणारी यंत्रे रचण्यात गुंतलेले होते. विसाव्या शतकात नमुन्याची जागा आकड्यांनी घेतली. जॉन टी. पार्सन्स यांच्या कल्पनेतून सुरू झालेल्या कामातून मॅसॅचूसेट्स तंत्रविद्या संस्थेत १९५२ मध्ये अंकीय नियंत्रणावर चालणाऱ्या कर्तन यंत्राचे प्रात्यक्षिक झाले. ही यंत्रे दीर्घ काळ कारखान्यांपुरतीच मर्यादित होती. संगणक स्वस्त झाल्यावर ती हौशी सुतारांच्या आटोक्यात आली. टेक्सस राज्यातील एलएचआर टेक्नॉलॉजीज या कंपनीचे ‘कार्व्हराइट’ हे यंत्र २००६ च्या सुमारास बाजारात आले. सिअर्स या दुकानसाखळीने तेच क्राफ्ट्समन या नाममुद्रेखाली ‘कॉम्प्युकार्व्ह’ म्हणून विकले. पुढील विवेचन या जातीच्या यंत्रांना धरून आहे.

कारखान्यांतील बहुतेक कोरणयंत्रांत फळी मेजावर घट्ट बसविलेली असते आणि बिट तिच्यावरून तीन दिशांनी फिरते. आरंभबिंदू कारागीर हाताने ठरवितो, त्यामुळे यंत्राला फळी मोजावी लागत नाही. कार्व्हराइटसारख्या यंत्रात मात्र रंधायंत्राप्रमाणे फळीच पुढेमागे सरकते. बिट फक्त आडवे व खालीवर हलते. या रचनेमुळे सु. ३७ सेंमी. रुंद व १२.५ सेंमी. जाड फळी घेणारे यंत्र लहानशा पेटीत बसते आणि फळी यंत्रापेक्षा कितीतरी लांब असली तरी चालते. या सोयीची किंमत मापनाच्या रूपाने चुकवावी लागते. फळी कोठे सुरू होते, कोठे संपते आणि या क्षणी तिचा कोणता भाग बिटाखाली आहे, हे यंत्राला सतत समजून घ्यावे लागते.

मापनाची पद्धती : फळीखाली खरखरीत पृष्ठाचे दोन वाहक पट्टे असतात आणि वरून रूळ तिला पट्ट्यांवर दाबून धरतात. पट्टे फिरले की फळी सरकते. तिच्या तळाला एका बाजूस टेकलेले एक लहान पितळी मोजचाक त्याच वेळी फिरते व त्याच्या फेऱ्यांवरून सरकलेले अंतर मोजले जाते. अंतर पट्ट्याच्या मोटरीवरून न मोजता वेगळ्या चाकावरून मोजण्यात एक विचार आहे : पट्टा फळीखाली घसरला, तरी चाक फळीबरोबरच फिरते व खरे अंतर सांगते. फळीच्या कडा ओळखण्याचे काम प्रकाश संवेदकाचे असते. तो बिटाच्या गाड्यावर बसविलेला असून खाली प्रकाश टाकतो आणि परत आलेल्या प्रकाशाची तीव्रता पाहतो. पुरेसा प्रकाश परतला तर खाली फळी आहे, न परतल्यास फळी संपली, असा अर्थ यंत्र लावते. गाडा आडवा नेऊन रुंदी मोजली जाते. फळी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरकवून, संवेदकाला दिसलेल्या दोन टोकांमधील मोजचाकाच्या फेऱ्यांवरून लांबी काढली जाते.

म्हणजे यंत्र फळी ‘पाहत’ नाही. एका चाकाची गणती आणि प्रकाशाची कमीअधिक तीव्रता, एवढ्यावरून ते फळीविषयी अनुमान करते. ही गोष्ट लक्षात घेतली, म्हणजे मापनातील बहुतेक दोषांचे मूळ विद्युत् मंडलात न शोधता प्रथम भुसा, दाब आणि खुद्द फळी यांत का शोधावे, हे स्पष्ट होते. संवेदक बदलण्याची घाई अनेक जण करतात. ती क्वचितच सार्थ ठरते.

लांबीतील दोष : लांबी प्रत्यक्षापेक्षा कमी दाखविली जाणे, ही सर्वांत नेहमीची तक्रार होय. तिची दोन कारणे बाहेरून सारखीच दिसतात, पण त्यांचे परिणाम भिन्न असतात. पहिले कारण मोजचाकावर बसलेला थर हे होय. पाइनसारख्या राळयुक्त लाकडाचा बारीक भुसा चाकावर दाबला जाऊन कडक होतो. समजा, चाकाचा व्यास २० मिमी. आहे व त्यावर सर्वत्र ०.१ मिमी. जाडीचा थर बसला. व्यास २०.२ मिमी. झाला, पण यंत्राच्या हिशेबी तो २० मिमी. च राहिला. अशा चाकाने १,००० मिमी. लांबीची फळी सु. ९९० मिमी. भरते. नखाला जेमतेम जाणवणारा थर एक सेंमी.ची चूक घडवितो.

दुसरे कारण चाकाचा फळीशी असलेला स्पर्श सुटणे हे होय. फळी पुढे जाते, चाक मात्र तेवढ्यापुरते थांबते आणि ते अंतर गणतीतून गळते. रुळांचा दाब अपुरा असणे, फळीचा तळ रुंदीच्या दिशेने बाकदार असल्याने चाकाकडील कड उचललेली असणे, चाकाच्या धारव्यात भुसा अडकून ते जड फिरणे, यांपैकी काहीही यास पुरते. लांब फळीच्या बाबतीत आधाराचा अभाव हे कारण विशेष महत्त्वाचे आहे. संवेदक दोन रुळांच्या मध्ये असल्याने फळीचे टोक त्याच्याखाली येते, तेव्हा तिला एकच रूळ धरून असतो. यंत्राबाहेर लोंबणारा भाग जड असल्यास त्याच्या वजनाने आतील टोक वर उचलले जाते आणि नेमक्या निर्णायक क्षणी गणती चुकते. यासाठी यंत्राच्या दोन्ही बाजूंस पट्ट्यांच्या पातळीत फिरत्या रुळांचे आधार ठेवणे आवश्यक आहे.

या दोन कारणांतील भेद कोरणीत उघड होतो. कोरताना हेच चाक फळीचे स्थान सांगत असल्याने, थरामुळे येणारी चूक मापनात व कोरणीत सारख्याच प्रमाणात येते. त्यामुळे नक्षी फळीवर बरोबर बसल्यासारखी दिसते, परंतु लांबीच्या दिशेने ताणली जाते. वरील उदाहरणात १०० मिमी. व्यासाचे वर्तुळ लांबीकडून १०१ मिमी. भरेल. याउलट मापनाच्या वेळी एखाद्या ठिकाणी स्पर्श सुटला, तर वर्तुळ वर्तुळच राहते, पण ते फळीच्या मध्यावर न येता बाजूस सरकते. म्हणून टाकाऊ फळीवर एक वर्तुळ कोरून त्याचे दोन्ही दिशांचे व्यास कॅलिपरने मोजणे ही साधी चाचणी पुष्कळ काही सांगून जाते.

काही वेळा यंत्र व मोजपट्टी ही दोन्ही खरी असतात. फळीचे टोक काटकोनात कापलेले नसेल, तर तिची लांबी ठिकठिकाणी निराळी असते. ३० सेंमी. रुंदीच्या फळीचे टोक केवळ एका अंशाने तिरपे असल्यास दोन कडांच्या लांबीत सु. ५ मिमी. चा फरक पडतो. मोजपट्टी कडेवर धरली आणि संवेदकाने मध्यावर पाहिले, तर दोन उत्तरे येणारच.

रुंदीतील दोष : येथे चाकाचा संबंध नसून प्रकाशाचा आहे. अक्रोडाचे गडद लाकूड, करवतीच्या घर्षणाने करपलेली कड, काळा रंग दिलेला पृष्ठभाग यांवरून प्रकाश कमी परततो आणि फळी आहे त्यापेक्षा अरुंद भरते. गोलवलेली कड किंवा साल राखलेली कड प्रकाश भलतीकडे परावर्तित करते. पूर्वी कोरलेली खोल खाच किंवा भोक संवेदकाच्या वाटेत आल्यास यंत्र तीच फळीची कड समजते. पारदर्शक ॲक्रिलिक पत्र्यातून प्रकाश आरपार जातो. म्हणून त्यावरील संरक्षक कागद मापन होईपर्यंत काढू नये. गडद लाकडावर दोन्ही कडांना व टोकांना पांढऱ्या चिकटपट्टीची अरुंद पट्टी लावल्यास संवेदकाला कड स्पष्ट दिसते. हा उपाय इतका स्वस्त व खात्रीचा आहे, की तो इतर उपायांच्या आधीच करून पाहावा. मात्र पट्टी कडेच्या बाहेर डोकावता कामा नये, नाहीतर तिचीच रुंदी मोजली जाईल. संवेदकाच्या भिंगावर भुसा साठला, तर वरील सर्व दोष फिकट लाकडावरही दिसू लागतात. बाजूच्या मार्गदर्शक पट्टीवर साचलेला पांढरट भुसा याच्या नेमका उलट परिणाम करतो : तो प्रकाश परतवितो व फळी रुंद भासते.

नक्षी प्रत्येक फळीवर एकाच बाजूस, तेवढ्याच अंतराने सरकत असेल, तर मापनाला दोष देऊ नये. संवेदक व बिट यांच्यातील अंतर यंत्राच्या हिशेबात धरलेले असते. संवेदक जागचा हलला असल्यास किंवा ते अंतर नीट नोंदलेले नसल्यास असे घडते.

लाकडाच्या स्वभावामुळेही मापात फरक पडतो. पावसाळ्यात दारे चौकटीत अडकतात, हा सर्वांच्या अनुभवाचा भाग आहे. दमटपणाने लाकूड तंतूंच्या आडव्या दिशेने बरेच फुगते, तंतूंच्या दिशेने जवळजवळ नाहीच. काही महिन्यांपूर्वी कापून मापे लिहून ठेवलेल्या फळीची रुंदी तेवढी वेगळी आली, तर कारण यंत्रात नसून हवेत असू शकते. तुलनेसाठी मोजपट्टी त्याच दिवशी लावावी.

दोषशोधन : एकच फळी, न हलविता, यंत्राकडून तीनदा मोजून घ्यावी. तिन्ही उत्तरे एकसारखी पण चुकीची असल्यास कारण स्थिर आहे, म्हणजे चाकावरील थर, कडेचा रंग किंवा मार्गदर्शकावरील भुसा. उत्तरे दर वेळी निराळी आली, तर घसरणे, उचलले जाणे किंवा ढिलेपणा यांपैकी काहीतरी आहे. त्यानंतर फळी उलट दिशेने घालून पुन्हा मोजावी. चूक फळीबरोबर बाजू बदलत असल्यास ती फळीची, एकाच जागी राहत असल्यास यंत्राची. शेवटी सरळ कडांची, काटकोनात कापलेली, फिकट रंगाची एक फळी केवळ चाचणीसाठी राखून ठेवावी. तिचे माप दीड-दोन मिमी. च्या आत बरोबर येत असेल, तर यंत्र उघडण्याचे कारण नाही. रुळांचा दाब तपासण्यासाठी स्नानगृहातील वजनकाटा लाकडी ठोकळ्यांमध्ये धरून त्यावर यंत्राचा वरचा भाग उतरविण्याची युक्ती कारागिरांत रूढ आहे. मिळालेला आकडा माहितीपुस्तिकेतील आकड्याशी ताडून पाहावा.

फळी आराखड्यापेक्षा लहान भरल्यास नक्षी लहान करावी की मूळ मापाची ठेवावी, असा प्रश्न यंत्र विचारते. बहुतेक नुकसान येथेच होते. काम सुरू करण्याच्या घाईत नक्षी लहान करण्यास संमती दिली, तर चुकीचे माप कायमचे लाकडात उतरते. मूळ माप ठेवण्यास दिली, तर बिट फळीच्या टोकाबाहेर जाऊ शकते. माप अनपेक्षित आले असता काम रद्द करून फळी पुन्हा मोजणे हेच योग्य होय. नक्षी पूर्ण होईपर्यंत फळी दोन्ही रुळांखाली राहावी असा पर्याय निवडल्यास प्रत्येक टोकास सु. ९ सेंमी. लाकूड जास्तीचे लागते. ते न धरता कापलेली फळीही यंत्राच्या दृष्टीने ‘लहान’ ठरते, आणि पुष्कळदा हेच मापनदोष म्हणून सांगितले जाते.

स्वच्छता करण्यापूर्वी यंत्राची विद्युत् जोडणी काढावी. चाकावरील थर लाकडी काडीने खरवडावा, धातूच्या हत्याराने नव्हे. चाकावर चरा पडल्यास व्यास बदलतो. भिंग मऊ कोरड्या कापडाने पुसावे. भुसा फुंकून उडविण्यापेक्षा शोषून घेणे चांगले. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये लाकडाच्या भुशाची गणना मानवात कर्करोग उद्‌भवविणाऱ्या द्रव्यांत केली असल्याने नाकातोंडावर मुखपट्टी असणे इष्ट आहे.

वेड्यावाकड्या, फार लहान किंवा साल राखलेल्या लाकडासाठी वाहक तक्ता वापरतात. मध्यम घनतेच्या तंतुफलकाचा सरळ व काटकोनी तक्ता घेऊन त्यावर लाकूड चिकटवितात आणि दोन्ही बाजूंस त्याच जाडीच्या पट्ट्या बसवितात. मोजचाक तक्त्याच्या तळावर फिरते, रूळ पट्ट्यांवर दाबतात आणि संवेदकाला तक्त्याच्या फिकट, सरळ कडा दिसतात. लाकडाचे तक्त्यावरील स्थान मात्र कारागिराने स्वतः मोजून आराखड्यात घालावे लागते.