डॉक्टर रीलवर: कायदा काय म्हणतो?

• माहिती की उपचार? मधुमेहात पायांची निगा कशी राखावी, हे सांगणारा व्हिडिओ म्हणजे आरोग्यशिक्षण. कॉमेंटमध्ये कुणी रिपोर्ट टाकला आणि डॉक्टरांनी तिथेच गोळी सुचवली, की तो उपचार.

• टेलिमेडिसिन: ऑनलाइन तपासणीची मार्गदर्शक तत्त्वे २५ मार्च २०२० ची, लॉकडाउनचा पहिलाच दिवस.

• सोशल मीडिया: राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाची नियमावली २ ऑगस्ट २०२३ ला अधिसूचित. पेशंटचे फोटो, स्कॅन टाकण्यास मनाई. लाइक, फॉलोअर विकत घेण्यासही. २३ ऑगस्टला (तीनच आठवड्यांत!) स्थगित.

• जाहिरात: मधुमेह, कर्करोग बरा करण्याच्या जाहिरातींना १९५४ च्या ‘ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज’ कायद्याने बंदी.