पाणी टँकरभर, वीज मात्र रग्गड

मराठवाड्यात हायड्रोजनच्या पंपाचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: पाणी कुठून आणणार? छत्रपती संभाजीनगरात तो विचारला जाणे अगदी साहजिक आहे. जायकवाडीसारखे धरण फार दूर नसूनही या शहरातल्या कितीतरी घरांनी आठवड्याने येणाऱ्या नळाच्या वेळेवर आपला दिवस बेतला आहे. पाण्यात वीज सोडून त्यातला हायड्रोजन वेगळा काढायचा आणि तो गाडीत जाळायचा, असे कुणी सांगितले तर इथल्या माणसाच्या कपाळाला आठी पडणारच.

म्हणून आधी हिशेबच मांडलेला बरा.

एक किलो हायड्रोजन मिळवायला रसायनशास्त्राच्या नियमाने नऊ लिटर पाणी लागते. ते अतिशुद्ध हवे असते आणि शुद्ध करताना बरेचसे वाया जाते. तेव्हा हात सैल ठेवून वीस लिटर धरू. रोज ५०० किलो हायड्रोजन देणारा पंप उभारला, तर त्याला दिवसाला दहा हजार लिटर पाणी पुरेल. म्हणजे एक मोठा टँकर. टाटा मोटर्सने इंडियन ऑइलसाठी बनवलेल्या हायड्रोजन बसमध्ये २० किलोपर्यंत वायू मावतो आणि त्यावर ती सुमारे ३५० किलोमीटर जाते. म्हणजे त्या एका टँकरच्या पाण्यावर पंचवीस बसच्या टाक्या भरतील.

आता विजेचे पाहा. एक किलो हायड्रोजन काढायला साधारण ५५ युनिट वीज खर्ची पडते, म्हणजे ५०० किलोला रोज साडेसत्तावीस हजार युनिट. वायू दाबून टाकीत भरायचा खर्च वेगळा. एवढी वीज उन्हातून मिळवायची तर महाराष्ट्रातल्या उन्हाच्या मानाने सहा-सात मेगावॉटचा सौर प्रकल्प आणि त्याखाली पंचवीसेक एकर जमीन लागेल. हे सगळे एका पंपासाठी! तीच साडेसत्तावीस हजार युनिट वीज थेट बॅटरीच्या बसमध्ये भरली, तर त्या बस मिळून वीस हजार किलोमीटर सहज धावतील. हायड्रोजनच्या पंचवीस बस धावतील पावणेनऊ हजार किलोमीटर.

थोडक्यात, मराठवाड्याने चिंता करायची ती पाण्याच्या आधी विजेची.

मग हायड्रोजन हवाच कशाला? स्कूटरला, मोटारीला आणि शहरात फिरणाऱ्या बसला तो नकोच, हे स्पष्ट म्हटले पाहिजे. फ्रान्समधल्या माँपेलिए शहराने ५१ हायड्रोजन बस घ्यायच्या ठरवल्या होत्या. विजेवरची बस चालवणे कितीतरी स्वस्त पडते हे दिसताच २०२२च्या जानेवारीत त्यांनी बेत रद्द केला. कॅलिफोर्नियात शेल कंपनीने मोटारींसाठीचे आपले हायड्रोजन पंप २०२४मध्ये बंद केले. मात्र चाळीस-पन्नास टनांचा ट्रक भरल्या मालानिशी पाचशे किलोमीटर न्यायचा असेल तर गणित बदलते. त्याला पुरणारी बॅटरी काही टन वजनाची होते. तेवढा माल कमी भरावा लागतो, शिवाय चार्जिंगसाठी ट्रक तासन्‌तास उभा राहतो. हायड्रोजन मात्र किलोमागे ३३ युनिट ऊर्जा धरून असतो आणि टाक्या भरायला दहा-पंधरा मिनिटे पुरतात. ट्रकमालकाच्या लेखी या दोन्ही गोष्टींना मोल आहे.

केंद्र सरकारने ४ जानेवारी २०२३ रोजी १९,७४४ कोटी रुपयांचे राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियान मंजूर केले. त्यातून मार्च २०२५मध्ये वाहनांच्या पाच चाचणी प्रकल्पांना हिरवा कंदील मिळाला. ३७ बस आणि ट्रक, नऊ पंप, दहा मार्ग. या दहांत पुणे–मुंबई हा मार्ग आहे. टाटा मोटर्सचे ट्रक ४ मार्च २०२५ रोजी दिल्लीतून चाचणीसाठी निघाले. १६ गाड्या दोन वर्षे वेगवेगळ्या मार्गांवर चालवून पाहायच्या, असा तो कार्यक्रम.

या ३७ गाड्यांपैकी १५ गाड्यांत फ्युएल सेल आहे आणि २२ गाड्यांत चक्क इंजिन आहे. फ्युएल सेलमध्ये हायड्रोजन आणि हवेतला ऑक्सिजन एका पातळ पापुद्र्याच्या दोन बाजूंनी भेटतात, वीज तयार होते, ती मोटर फिरवते आणि मागच्या नळीतून पाणी बाहेर पडते. इंजिनाच्या गाडीत हायड्रोजन डिझेलसारखा सिलिंडरमध्ये जाळतात. त्यातून कार्बन निघत नाही, पण जळण्याच्या उष्णतेने हवेतल्या नायट्रोजनचा ऑक्सिजनशी संयोग होऊन नायट्रोजनची ऑक्साइड्स तयार होतात, ती आवरावी लागतात. संभाजीनगरच्या दृष्टीने हा इंजिनाचा रस्ता फार महत्त्वाचा आहे. वाळूज, चिकलठाणा आणि शेंद्रा या औद्योगिक वसाहतींतल्या शेकडो लहान-मोठ्या कारखान्यांचे पोट इंजिन आणि गिअरच्या सुट्या भागांवर चालते. विजेच्या गाडीत त्यातले बरेच भाग लागतच नाहीत. हायड्रोजनच्या इंजिनात पिस्टन, व्हॉल्व्ह, गॅस्केट सगळे राहते. फक्त ते जास्त काटेकोर आणि वेगळ्या धातूचे हवे. कारण हायड्रोजनचा अणू इतका बारीक की तो पोलादात शिरतो आणि त्याला ठिसूळ करतो.

या शहराचा हायड्रोजनशी संबंध तसा जुना आहे. बजाजच्या तीनचाकींचे माहेरघर म्हणजे वाळूजचा कारखाना, १९८५पासूनचा. या शतकाच्या पहिल्या दशकात बजाज ऑटोने अमेरिकेच्या एनर्जी कन्व्हर्जन डिव्हायसेस या कंपनीबरोबर हायड्रोजनच्या रिक्षेचा प्रयोग केला होता. त्यात वायू धातूच्या भुकटीत मुरवून साठवला जाई. पुढे २०१२मध्ये महिंद्र आणि आयआयटी दिल्लीच्या पंधरा हायड्रोजन रिक्षा दिल्लीच्या प्रगती मैदानात धावल्या. मैदानात पंप होता म्हणून त्या तिथे धावू शकल्या.  गाडी बनवणे जमले तरी पंपावाचून ती प्रदर्शनातच राहते, हे तेव्हाच दिसले होते.

महाराष्ट्रात या विषयाचे खरे काम पुण्यात चालू आहे. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा अर्थात एनसीएल आणि केपीआयटी ही कंपनी यांनी ऑक्टोबर २०२०मध्ये देशी फ्युएल सेलवर मोटार चालवून दाखवली आणि २१ ऑगस्ट २०२२ रोजी त्यांची हायड्रोजन बस पुण्यात लोकांसमोर आली. पुण्याच्याच आघारकर संशोधन संस्थेने केपीआयटीबरोबर शेतातल्या काडीकचऱ्यापासून हायड्रोजन काढण्याचे तंत्र विकसित केले आहे. मराठवाड्याने या कामावर डोळा ठेवायला हवा, कारण मक्याची धाटे आणि गव्हाचे काड इथे दरवर्षी पेटवून दिले जाते. टाटा मोटर्सने २०२४मध्ये पुण्याच्या आपल्या केंद्रात हायड्रोजन इंजिनाची चाचणी-खोली आणि वायू साठवून भरायची सोय उभी केली. आणि गाडी रस्त्यावर आणण्याआधी कोणत्या परीक्षा द्यायच्या, ते सांगणारे एआयएस-१५७ हे मानक प्रसिद्ध करते पुण्याचीच एआरएआय ही वाहन-संशोधन संस्था, १९६६ साली स्थापन झालेली.

या परीक्षा कडक आहेत. आपल्याकडे सीएनजीच्या टाकीत साधारण २०० बार दाब असतो. हायड्रोजनच्या बसमध्ये ३५० आणि मोटारीत ७०० बार. टाकी आतून ॲल्युमिनियमची किंवा प्लास्टिकची, बाहेरून कार्बनच्या धाग्यांनी गुंडाळलेली. ती हजारो वेळा भरून-रिकामी करून पाहतात. कामाच्या दाबाच्या निदान दुप्पट दाबापर्यंत नेऊन ती कुठे फुटते हे तपासतात. उंचावरून आपटतात. एक परीक्षा तर जाळाची: भरलेल्या टाकीखाली भट्टी पेटवायची. टाकीच्या तोंडाशी एक छोटा व्हॉल्व्ह असतो, तो ११० अंशांच्या आसपास वितळून उघडतो आणि सगळा वायू शिट्टी फुंकत वर निघून जातो. टाकी फुटली तर नापास, रिकामी झाली तर पास. हायड्रोजन हवेपेक्षा चौदा पट हलका असल्यामुळे मोकळ्यावर तो क्षणात वर उडून जातो. पंपावर छपराला कोनाकोपरा नसावा, वायू साचायला जागा राहू नये, हा नियम त्यातूनच आला.

पंपावर गाडी भरताना जवळून पाहिले तर बरेच काही कळते. नळीचे तोंड गाडीला अडकले की खटकन कुलूप बसते. यंत्र लगेच वायू सोडत नाही. आधी थोडासा दाब देऊन थांबते, दाब घटतो का पाहते. गळती नाही याची खात्री झाली की भरणे सुरू. सायकलला हवा भरताना पंपाचे नळकांडे तापते ना, तसाच दाबला जाणारा वायू टाकीत तापतो. आणि ८५ अंशांच्या वर टाकी जाऊ द्यायची नसते. म्हणून ७०० बारच्या पंपावर वायू आधीच उणे ४० अंशांपर्यंत गार करून सोडतात. नळीच्या तोंडावर त्यामुळे पांढरे दव गोठते. गाडी इन्फ्रारेड किरणांनी आपल्या टाकीचे तापमान आणि दाब पंपाला सतत कळवत राहते आणि पंप त्याप्रमाणे वेग कमी-जास्त करतो.

स्वयंपाकाचा गॅस गळला की वास येतो, कारण त्यात मुद्दाम गंधकाचा वास मिसळलेला असतो. हायड्रोजनमध्ये तसे करता येत नाही; गंधकाने फ्युएल सेल निकामी होतो. त्याला वास नाही, रंग नाही, पेटला तर ज्योत दिवसा जवळजवळ दिसत नाही, आणि हवेत चार टक्क्यांपासून पंचाहत्तर टक्क्यांपर्यंत कितीही मिसळला तरी तो पेटू शकतो. मग सारी मदार गळती हुडकणाऱ्या यंत्रांवर आणि माणसांच्या हातावर.

तो हात किती महत्त्वाचा, हे नॉर्वेत दिसले. १० जून २०१९ रोजी ऑस्लोजवळच्या एका हायड्रोजन पंपावर स्फोट झाला. शेजारून जाणाऱ्या मोटारीतल्या एअरबॅग धक्क्याने फुगल्या आणि दोघांना किरकोळ इजा झाली. चौकशीत कारण निघाले ते असे: उच्च दाबाच्या टाकीच्या बुचाचे आतले बोल्ट जोडणीच्या वेळी पुरेसे आवळले गेले नव्हते. तंत्रज्ञान नापास झाले नव्हते. पान्याचा एक फेरा कमी पडला होता. त्याच वर्षी मे महिन्यात दक्षिण कोरियातल्या गांगनुंग इथे साठवणीच्या टाकीचा स्फोट होऊन दोघे दगावले. तिथे हायड्रोजनमध्ये ऑक्सिजन मिसळत गेला होता.

भारतात असा पंप उभारायचा तर पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संघटना, म्हणजे पेसो, हिची परवानगी लागते. तिचे मुख्यालय नागपूरला आहे. नागपूर आणि मुंबई यांना जोडणारा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ रोजी पूर्ण खुला झाला आणि तो संभाजीनगराला लागून जातो. ३५० किलोमीटर धावणारी गाडी या रस्त्यावर वाटेत भरावीच लागणार, आणि भरण्याची जागा मधल्या टप्प्यातच असणार. जालना–शेंद्रा–बिडकीनच्या या पट्ट्याला नकाशानेच ते स्थान दिले आहे. जुलै २०२४मध्ये टोयोटा किर्लोस्करने इथल्या सुमारे वीस हजार कोटींच्या कारखान्यासाठी राज्य सरकारशी सामंजस्य करार केला. तो कारखाना हायड्रोजनसाठी नाही. पण मिराई ही हायड्रोजनची मोटार जगाच्या बाजारात आणणारी कंपनी टोयोटाच, आणि मार्च २०२२मध्ये नितीन गडकरी संसदेत गेले ते त्याच मोटारीतून.

राज्याच्या हरित हायड्रोजन धोरणाला ४ जुलै २०२३ रोजी मंत्रिमंडळाने मान्यता दिली. पहिल्या वीस पंपांना भांडवली खर्चाच्या ३० टक्के, जास्तीत जास्त साडेचार कोटी रुपये अनुदान त्यात आहे. हे पैसे एखाद्या चौकात शोभेचा पंप उभारण्यात घालवू नयेत. लेहमध्ये एनटीपीसीने काय केले ते पाहण्यासारखे आहे. ३,६५० मीटर उंचीवर १.७ मेगावॉटचा सौर प्रकल्प, रोज ८० किलो हायड्रोजन आणि त्यावर पाच बस. आधी गाड्या ठरल्या, त्यांचा रोजचा फेरा ठरला, मग तेवढाच पंप. समृद्धीवरही तसेच व्हावे. रोज त्याच मार्गाने मालवाहतूक करणाऱ्या कंपन्यांनी ठरावीक ट्रकांची हमी द्यावी, त्यांच्या मापाचा पंप उभा राहावा, वीज उन्हातून यावी आणि पाणी जायकवाडीतून न घेता शहराचे सांडपाणी शुद्ध करून वापरावे. टँकरभर तर लागते.

आणि वाळूजच्या मराठवाडा ऑटो क्लस्टरने, इथल्या आयटीआयंनी उच्च दाबाच्या नळ्या जोडण्याचा, गळती तपासण्याचा, ठरल्या जोराने बोल्ट आवळण्याचा अभ्यासक्रम आजच सुरू करावा. पंप यायला वेळ लागेल. फिटर तयार व्हायलाही वेळ लागतो.